रूटचा एकच पासवर्ड पाच जणांकडे: हे चालवून घ्यायचं का?

रात्रपाळी: आमच्याकडे पाच जणांत सर्व्हरच्या रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, एकच पासवर्ड आहे. गेल्या महिन्यात पहाटे कुणीतरी बॅकअपचं अख्खं फोल्डर उडवलं. लॉग, म्हणजे कुणी काय केलं याची सर्व्हरवरची नोंद, उघडला तर नुसतं 'रूट'. पाचही जण एकाच व्हीपीएनमधून येतात, म्हणजे कुठून जोडले ते सांगणारा आयपी पत्ताही एकच. सगळ्यांनी बोट दाखवलं ट्रेनी मुलाकडे, कारण तो नवा. तो शपथेवर नाही म्हणतो. माझं मत ठाम आहे: प्रत्येकाला स्वतःचं खातं, स्वतःची एसएसएच की (लॉगिनसाठी पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली), रूटचं काम सुडोनेच (आपल्याच खात्यातून रूटचे अधिकार वापरू देणारी आज्ञा), आणि रूटचं थेट लॉगिन बंद.

कोथरूडकर: पटत नाही. रात्री अडीचला डेटाबेस झोपला आणि सुडोवाला गावी असला तर? सॅन फ्रान्सिस्कोत २००८ साली शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड एकाच इंजिनिअरकडे होते. त्याने ते द्यायला नकार दिला, शेवटी तुरुंगात महापौरांच्या हातात दिले. शिवाय सुडो दिलं की जो तो 'सुडो सु' करून रूट होऊन बसतो. पुढचं लॉगमध्ये काय दिसणार?

रात्रपाळी: माणसं कमी करा असं मी म्हटलंच नाही. पाचच राहू देत, पण पाच नावांनी. अडीअडचणीला रूटचा पासवर्ड सीलबंद पाकिटात ठेवा, पाकीट फोडलं की बदला. 'सुडो सु' केलं तरी कोण, किती वाजता रूट झाला एवढं उरतंच. फक्त लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. रूट झालेला माणूस इथला लॉग पुसू शकतो.

लॉगवाली: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात. त्यात पानोपान 'रूट'च असेल तर ते ठेवून तपासाला काय उपयोग?

कोथरूडकर: माझी खरी भीती वेगळी आहे. नाव सापडलं की माणसाला धरतात, चूक का झाली ते कुणी विचारत नाही. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत २०१७ साली एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने बॅकअप का चालत नव्हते ते जाहीरपणे मांडलं. आपल्याकडे असं होईल?

रात्रपाळी: ही भीती रास्त आहे. पण आमच्याकडे नाव सापडलं नाही, तरी माणूस धरलाच. त्या मुलाने परवा राजीनामा दिला. लॉगमध्ये नावं असती तर निदान खरं काय ते कळलं असतं. आणि पासवर्ड अजून तोच आहे, तो त्याला पाठ आहे. स्वतःची की असती तर सर्व्हरवरची तिची एक ओळ काढून काम झालं असतं. आता बदलून उरलेल्या सगळ्यांना कळवायला बसलोय.