जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं, पण ईसीजी नॉर्मल. मग स्ट्रेस टेस्ट कशाला?

लालबागची लेक:
बाबा ६१ वर्षांचे. हल्ली करी रोड स्टेशनचा जिना चढताना त्यांच्या छातीत मधोमध आवळल्यासारखं होतं, जबडाही दुखतो. कठड्याला धरून थोडं थांबले की बरं वाटतं. ते म्हणतात गॅस आहे. खिशात कायम इनोची पुडी. ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट लिहून दिली. बाबा म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे तर पैसे कशाला घालवायचे?

परळकर:
टेस्ट करूनच घ्या. इनो पिऊन दिवस काढू नका.

सिस्टरमावशी:
बाळा, मी आयसीसीयूत नर्स होते. ईसीजी काढला तेव्हा बाबा पलंगावर आडवे होते ना? पडून असताना हृदयाला लागतं तेवढं रक्त अरुंद झालेल्या धमनीतूनही मिळतं, म्हणून ईसीजीची पट्टी स्वच्छ येते. चाळीत सकाळी सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं श्रम करताना होतं. म्हणूनच ट्रेडमिलवर चालवून बघतात. चढलं की दुखतं, थांबलं की जातं, हा अंजायना असू शकतो. गॅस काही जिना बघून येत नाही.

अंजायनात हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं, पण तो जिवंत असतो. अटॅकमध्ये बहुतेक वेळा धमनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि स्नायू मरू लागतो. तेव्हा त्या स्नायूतलं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं.

दुखणं नवीन आहे, तेव्हा टेस्ट याच आठवड्यात करा. पण न्हाणीपर्यंत जाताना किंवा बसल्याजागी दुखू लागलं, तर टेस्टची वाट बघायची नाही. अशा वेळी ट्रेडमिलवर चढवणंच धोक्याचं. तडक इमर्जन्सी गाठायची.

लालबागची लेक:
मावशी, बाबांना शुगर पण आहे. आणि शेजारचे काका म्हणतात, त्यांची जिभेखालची गोळी देऊन बघ.

सिस्टरमावशी:
दुसऱ्याची गोळी अजिबात नको! तिने बीपी झपकन उतरतं, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. डॉक्टरांनी बाबांना दिली तर बसवून द्यायची. पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही, तर १०८ लावायचा.

शुगरवाल्यांना कधीकधी अटॅकमध्येही छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, गळून जायला होतं. बाबांना असं झालं तर जिने चालत उतरू देऊ नकोस. खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणा.