मदत हवी आहे: जर्मनीहून येणाऱ्या भाच्यांसाठी गोव्यात जर्मन शाळा?

खोर्लीची_मावशी
ताई, भावोजी आणि दोन्ही मुलं जूनच्या आत गोव्यात राहायला येतायत. भावोजी जर्मन, मुलांचं शिक्षण आजवर जर्मनमधूनच झालंय. त्यामुळे शाळाही जर्मन अभ्यासक्रमाचीच हवी. पणजी, पर्वरी, म्हापसा फिरून आले. तीन ठिकाणी "आमची इंटरनॅशनल आहे" म्हणत फीचा कागद हातात दिला. जर्मनचं विचारलं की कुणी धड बोलत नाही. लवकर सांगा, प्रवेश भरत आलेत.

फोंड्याचा_मास्तर
मुलं कितवीत? किती वर्षांसाठी येतायत? कुठल्या राज्यातून? तिथे 16 राज्यं आहेत आणि शाळा हा राज्याचा विषय. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वेर्णा_शिफ्ट
गोव्यात जर्मन शाळा नाही. दिल्लीत आहे. मुंबईतली जुनी जर्मन शाळा आता मुख्यतः इंग्रजीतून केंब्रिज आणि आयबी हे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवते. इथल्या बोर्डावरचं "इंटरनॅशनल" म्हणजे बहुतेक हेच दोन.

साखळी_८४
पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे ए1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून वर्ग आहेत. माझी भाची बी2 करून नर्स म्हणून गेली, आता उत्तम चाललंय तिचं.

खोर्लीची_मावशी
दादा, मुलांना जर्मन येतं. घरात बापाशी तेच बोलतात. शाळा हवी आहे.

शिवोलीकर
आम्ही यातून गेलोय. मुलगा दुसरीत असताना आलो. वेट्झलारची 'डॉइचे फेर्नशूले' परदेशातल्या मुलांना पहिली ते चौथी घरून शिकवते. पाचवी ते दहावीसाठी हँबुर्गची 'आयएलएस'. आम्ही सकाळी इथली शाळा आणि दुपारी जर्मन अभ्यास असं ठेवलं. सहा महिन्यांत पोर थकलं. दप्तर पाहिलं की रडायचं. मग दुपारी फक्त जर्मन भाषा ठेवली, गणित-परिसर सोडून दिलं. तेव्हा घरात शांतता आली.

फोंड्याचा_मास्तर
मग सकाळची शाळा मराठी का नको? आई आपली, आजी-आजोबा इथे. सरकारी प्राथमिक शाळेत घाला, वर्षभरात गावातल्या पोरांसारखी बोलतील. आकडे तर जर्मन मुलाला मराठीतच सोपे. त्यांचं 'आइन-उंड-झ्वान्झिग' म्हणजे आपलं एकवीस, एक आधी नि वीस नंतर.

वेर्णा_शिफ्ट
मास्तर, दोन वर्षांनी परत जायचं असेल तर? तिथे इंग्रजी लागतं. मुलांना नव्या लिपीत कशाला अडकवता?

फोंड्याचा_मास्तर
अडकवणं नव्हे. माझ्या शाळेत झारखंडच्या मजुरांची मुलं वर्षात वाचायला लागली. आजीशी बोलता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

पेडणे_एक्सप्रेस
मुलांचा पासपोर्ट कुठला? आमच्या काकांचा जन्म 1961 च्या आधीचा, त्यांच्यामुळे सगळ्यांचं पोर्तुगीज झालं. आता अर्धं घर इंग्लंडात स्विंडनला.

खोर्लीची_मावशी
पासपोर्ट जर्मन, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड आहे. बायर्न राज्य, म्युनिकजवळ. मुलगी तिसरी संपवेल, मुलगा सहावीत गिम्नाझियमला (पाचवीपासूनची, विद्यापीठाकडे नेणारी शाळा) आहे. दोन वर्षं, मग परत. फी कंपनी देणार नाही. हे आधीच लिहायला हवं होतं, धांदलीत राहिलं.

शिवोलीकर
ओसीआय असेल तर विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण बायर्न म्हणालात, तिथेच खरी गोष्ट आहे. मुलगी चौथी इथे करणार, आणि बायर्नमध्ये चौथीच्या मे महिन्यात गिम्नाझियमचा निर्णय होतो: जर्मन, गणित, परिसर मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली. तिथे 1 म्हणजे उत्तम. ती गुणपत्रिका हिच्याकडे नसेल. परतल्यावर प्रवेश-परीक्षा द्यावी लागेल का, हे तिथल्या शाळेला आत्ताच लेखी विचारा. शाळा सक्तीची असल्यामुळे निघताना तिथली पत्त्याची नोंदही रीतसर रद्द करायला सांगा, नाहीतर मुलं कुठे गेली म्हणून पत्रं येतात.

मुलाचं वेगळं. सहावीत दुसरी परकीय भाषा सुरू होते. लॅटिन घेतलंय की फ्रेंच? फ्रेंच असेल तर गोव्यात बऱ्याच शाळांत तिसरी भाषा म्हणून मिळतं. मी तुमच्या जागी असते तर त्या फीच्या कागदांवर आधी फ्रेंच शोधलं असतं.

खोर्लीची_मावशी
फ्रेंच! आत्ताच ताईला विचारलं. पर्वरीच्या एका शाळेत आहे, उद्या परत जाते. मुलीसाठी फेर्नशूलेची चौथी घ्यायची म्हणतेय ताई, सकाळची शाळा जवळचीच. मास्तर, मराठीचं माझ्या आईला सांगितलं, ती रोज संध्याकाळी घेणार आहे. देव बरें करूं.

शिवोलीकर
मुलीच्या जर्मन वह्या तिथूनच आणायला सांगा. इयत्तेप्रमाणे रेघा वेगळ्या असतात, म्हापशाच्या बाजारात मिळायच्या नाहीत. आम्ही वर्षभर पट्टीने आखत बसलो होतो.