शब्दचर्चा: क्रोशातला ‘लांब खांब’ म्हणजे नेमका कोणता?

इंदूरची सून
सासूबाईंच्या जुन्या वहीवरून ताटावरचा रुमाल करायला घेतलाय. वहीत लिहिलंय: ‘३ साखळ्या, १ खांब, पुढच्या घरात १ लांब खांब.’ साखळी कळते, खांबही जमतो. लांब खांबाशी गाडी अडली. शेजारच्या भाभींना दाखवलं तर त्या साध्या खांबालाच ‘डबल’ म्हणाल्या. राजवाड्यामागच्या दुकानातून क्रोशियाची सुई आणली, तिच्यासोबतच्या इंग्रजी पुस्तकात त्याच चित्राखाली ‘ट्रेबल’. मग लांब खांब म्हणजे काय? आणि मराठीत ह्यासाठी एकच पक्का शब्द आहे का?

सूतगुंडी
शब्द बाजूला ठेवा, आधी सुईवर किती वेढे आहेत ते मोजा.

साधा खांब: सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई घरात, म्हणजे खालच्या ओळीतल्या टाक्यात, घाला, दोरा ओढून वर आणा. सुईवर तीन फासे दिसतील. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. झाला खांब.

लांब खांब: सुरुवातीलाच दोन वेढे. दोरा वर आणल्यावर सुईवर चार फासे. मग दोन-दोन करत तीनदा काढायचं. दुसरा वेढा फार घट्ट घेतला की सुईचं टोक त्यातून निघत नाही आणि दोरा उसवतो, तेव्हा वेढे सैल ठेवा आणि बोटाने धरून ठेवा.

गल्लीबोळ
भाभी आणि पुस्तक, दोघं बरोबर आहेत. अमेरिकेत एका वेढ्याच्या खांबाला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, ब्रिटनमध्ये त्यालाच ‘ट्रेबल’. अमेरिकेचा ‘ट्रेबल’ म्हणजे दोन वेढ्यांचा, ब्रिटिशांकडे तो ‘डबल ट्रेबल’. आणि अमेरिकेचा बिनवेढ्याचा ‘सिंगल’ ब्रिटनमध्ये ‘डबल’! नुसतं ‘डबल’ वाचून कोणी रुमाल करायला घेऊ नये. पुस्तकात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसला की ते अमेरिकन, हे ओळखायला सोपं.

लक्षात ठेवायची युक्ती: अमेरिकन नाव दोरा किती वेळा काढला ते सांगतं. एकदा, दोनदा, तीनदा. ब्रिटिश नाव सुईवरचे फासे मोजतं, निदान ट्रेबलपर्यंत. चार फाशांच्या टाक्यापाशी तो हिशेब मोडतो.

सूतगुंडी
म्हणूनच म्हणते, मराठी ‘खांब’ बरा. उभा दिसतो म्हणून खांब. त्यात मोजणी नाही, त्यामुळे गोंधळही नाही.

पेठेतली काकू
गोंधळ नाही कसा? आमच्याकडे पुण्यात दोन वेढ्यांच्या खांबाला ‘दुहेरी खांब’ म्हणतात. माझ्या नणंदेने तेच वाचून एकाच घरात दोन साधे खांब घातले. तिचं काय चुकलं? ‘दुहेरी’ म्हटल्यावर दोन खांब शेजारीशेजारी, असंच कोणालाही वाटेल. त्यापेक्षा ‘लांब खांब’ चांगला, फक्त किती लांब ते कळत नाही. तीन वेढ्यांचाही असतो ना!

गल्लीबोळ
काकू, मग ‘एकवेढी, दोनवेढी, तीनवेढी’?

पेठेतली काकू
ऐकायला बांगड्यांच्या दुकानातलं वाटतं. पण लिहायला चालेल. बोलताना मी ‘लांब’च म्हणणार.

मोडीप्रेमी
खांब हा शब्द संस्कृत ‘स्कंभ’वरून प्राकृत ‘खंभ’, तिथून मराठीत ‘खांब’. हिंदीतला ‘खंभा’ त्याच घरातला. मल्लखांबातही तोच. वर्तमानपत्रात मात्र आपण ‘स्तंभ’ लिहितो आणि ‘स्तंभ विणला’ असं कोणी म्हणत नाही, हे नशीबच. क्रोशा शब्द फ्रेंच आहे. ‘क्रोक’ म्हणजे आकडा, ‘क्रोशे’ म्हणजे छोटा आकडा. म्हणजे कलेला तिच्या सुईचंच नाव मिळालंय. त्या मानाने आपली नावं तयार कामाकडे बघून ठेवलेली दिसतात: साखळी, खांब, जाळी.

माळवी चिवडा
आणि ‘मुका खांब’? तो तर दिसायला खांबच नाही. एकही वेढा नाही, सुई घालून दोरा आणला की दोन फासे, एकदाच काढला की संपलं. माझा अंदाज, ‘मुका मार’मधला मुका तो हाच: लागतो, पण वरून दिसत नाही. पुरावा विचारू नका.

आपल्या इंदूरला त्याचं सर्वांत सुबक काम बघायचं तर सियागंजातल्या बोहरी व्यापाऱ्यांच्या पांढऱ्या-सोनेरी टोप्या बघा. क्रोशाच्याच असतात, बायका घरी विणतात. टाके इतके ठेंगणे आणि दाट की टोपी आपली आपण आकार धरून राहते. तिथे लांब खांब घातले असते तर टोपीची जाळी झाली असती. उलट ताटावरच्या रुमालाला जाळीच हवी, तिथे लांब खांब शोभतो आणि कामही भराभर वाढतं.

इंदूरची सून
वहीत वेढ्यांचा उल्लेखच नाही. मग ‘लांब’ दोनवेढी की तीनवेढी, हे कसं ठरवू? सासूबाई आता नाहीत, विचारायची सोय नाही.

सूतगुंडी
वहीतच सापडेल. लांब खांबाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या आधी किती साखळ्या लिहिल्यात ते बघा. ओळीचा पहिला खांब आपण विणत नाही, त्याच्या उंचीइतक्या साखळ्या घालतो. एकवेढीला ३, दोनवेढीला ४, तीनवेढीला ५. त्या साखळ्या पहिला खांब म्हणून मोजायच्या बरं का, नाहीतर दर ओळीला काठ एकेक खांबाने वाढत जातो.

पायाच्या साखळीचंही तसंच. २० साधे खांब हवे असतील तर २२ साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिली सुई टोचा. २० लांब खांबांना २३ साखळ्या, आणि टोचायचं पाचव्या साखळीत.

इंदूरची सून
सापडली! सातवी ओळ: ‘४ साखळ्या, मग सगळे लांब.’ म्हणजे दोनवेढी. समासात बारीक अक्षरात आणखी एक शब्द आहे, ‘गेंद’. तो काय प्रकार?

पेठेतली काकू
एकाच घरात चार-पाच अर्धवट खांब घेऊन सगळे फासे एकदम काढायचे, वर फुगीर गोळा येतो. तो असावा. वहीच्या पानाचा फोटो टाक, म्हणजे नक्की सांगते.