समकालीन रशियन राजकारण विद्यापीठात शिकण्यात अर्थ आहे का?

सह्यवारा:
राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आपल्याकडे रशिया भेटतो तो बहुतेक परराष्ट्र धोरणाच्या पेपरात. १९७१ चा करार, एस-४००, तेल, झालं. तिथले गव्हर्नर कसे ठरतात, दुमात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कोण बसतं, मॉस्को आणि चेचन्या प्रांताचं नातं काय, याची चर्चा क्वचितच. २०२२ पूर्वी आपण रशियाकडून कच्च्या तेलाच्या जेमतेम दोन टक्के आयात करत होतो. २०२३ मध्ये ती एक तृतीयांशाच्या वर गेली. एवढा व्यवहार ज्याच्याशी, त्याच्या घरात सत्ता कशी चालते हे मुळापासून जाणणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. हा विषय स्वतंत्र, रशियन भाषेसकट आणि आत्ताच शिकवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जुनीवही:
मी असहमत. शिकायला साधनं तरी विश्वासाची हवीत ना? लेवादा सेंटर ही तिथली नावाजलेली स्वतंत्र पाहणी संस्था, तिच्यावर २०१६ मध्ये ‘परदेशी हस्तक’ असा शिक्का बसला. मेमोरियल ही मानवी हक्क संघटना बंद करण्याचा आदेश डिसेंबर २०२१ चा. मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास. अशा देशात फोन करून राष्ट्राध्यक्षांवर विश्वास आहे का विचारलं, तर समोरचा काय सांगणार? जून २०२३ मध्ये वॅग्नर या खासगी सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन याच्या माणसांनी बंड करून रोस्तोवचं लष्करी मुख्यालय ताब्यात घेतलं, हे कोणत्या विभागाने आधी वर्तवलं होतं? ऐन उमेदीची दोन वर्षं अंदाज बांधण्यात घालवण्यापेक्षा इतिहास घ्या. कागद उघडतात तेव्हाच खरं कळतं.

नेवाकाठ:
जुनीवही, साधनं नाहीत हे मान्य नाही, कारण खुद्द सरकारी आकडेच खूप बोलतात. २०१६ च्या दुमा निवडणुकीत सारातोवमध्ये शंभरावर मतदान केंद्रांवर युनायटेड रशिया या सत्ताधारी पक्षाला नेमकी ६२.२ टक्के मतं मिळाली. केंद्र वेगळं, मतदार वेगळे, टक्केवारी तीच! हे निवडणूक आयोगाच्या स्वतःच्या तक्त्यांत होतं. निवडणूक आकड्यांचे विश्लेषक सर्गेई श्पिल्किन यांनी असेच केंद्रनिहाय आकडे मांडून दाखवलं की मतदानाचं प्रमाण जिथे फुगतं, तिथली वाढीव मतं जवळजवळ सगळी सत्ताधाऱ्यांच्या खात्यात जातात. शिवाय ७५, ८०, ८५, ९० अशा ठोक आकड्यांवर आलेखात सुळके दिसतात. आकडा वरून ठरून आल्याशिवाय असं होत नाही. २०२१ मध्ये आयोगाने संकेतस्थळावर आकड्यांचे फाँट अशा तऱ्हेने गुंतवले की डोळ्यांना आकडा दिसावा, पण प्रोग्रामने उचलला तर कचरा यावा. काही जणांनी तेही उलगडलं. एखादी राजवट काय लपवते आणि कसं लपवते, हाही राज्यशास्त्राचाच विषय आहे.

आता भीतीचं. त्यावरही वाट काढलेली आहे. लोकांचे दोन गट करायचे, प्रत्येकाला नेत्यांची यादी द्यायची आणि ‘यातल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे’ एवढंच विचारायचं. नाव कुणी सांगायचं नाही, फक्त संख्या. एका गटाच्या यादीत पुतिन यांचं नाव जास्तीचं. दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे त्यांचा पाठिंबा. २०१५ मध्ये, क्रिमिया घेतल्यानंतर, हा प्रयोग झाला आणि पाठिंबा बव्हंशी खरा निघाला. पुतिनविरोधकांना हे रुचणारं नव्हतं. म्हणून तर अभ्यास करायचा, की आपल्याला आवडेल तेच हाती लागेल अशी खात्री नसते.

जुनीवही:
पद्धत चांगली आहे, पण हे आकडे मोजणाऱ्यांचं काय झालं तेही लिहा. श्पिल्किन यांना ‘परदेशी हस्तक’ ठरवलं. निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या ‘गोलोस’चे ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स यांना २०२३ मध्ये अटक आणि २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा. पुण्यात बसून प्रबंध लिहिणाऱ्याला पदवी मिळेल. त्याला माहिती पुरवणाऱ्या तिथल्या माणसाच्या दारात पोलीस येतील. मला हा प्रश्न पदवीपेक्षा मोठा वाटतो.

प्रश्नचिन्ह:
माझी हरकत तिसरीच आहे. शिकवा, पण वाचायच्या यादीत काय असणार? बहुतेक अमेरिका आणि ब्रिटनमधली पुस्तकं, आणि गोष्ट सुरू होणार पुतिनपासून. ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांतून तोफा डागल्या आणि त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्षाला अफाट अधिकार देणारी घटना मंजूर करून घेतली. तेव्हा पश्चिमेने त्यांची पाठ राखली. १९९८ मध्ये रूबल कोसळला, लोकांची बचत गेली. हे दशक कच्चं राहिलं तर नंतर लोकांनी ‘स्थैर्य’ का मागितलं ते विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही.

सह्यवारा:
प्रश्नचिन्ह, पूर्ण सहमत. पहिलं सत्र १९९१ ते ९९ वरच असावं. गव्हर्नरांचंच बघा: २००४ मध्ये बेसलानच्या शाळेवर दहशतवादी हल्ला झाल्यावर त्यांच्या थेट निवडणुका रद्द केल्या, २०१२ मध्ये परत आणल्या, पण उमेदवाराला नगरपालिका सदस्यांच्या सह्यांची चाळणी लावून. दहशतवादाशी गव्हर्नरच्या निवडणुकीचा काय संबंध, हा प्रश्न वर्गात विचारला जावा असं मला वाटतं.

जुनीवही, माणसांना धोका हा तुमचा मुद्दा मला मोडता येत नाही. म्हणूनच एम.ए.च्या पातळीवर मुलाखती नकोत. आयोगाचे आकडे, कायद्यांचे मसुदे, प्रादेशिक वर्तमानपत्रं, एवढ्यावर काम करावं. पण त्यासाठी रशियन वाचता यायला हवं, आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती भाषा शिकता येते.

जुनीवही:
मुलाखती वगळल्या तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला अर्धा कायम: क्रेमलिनमध्ये निर्णय कोण आणि कसा घेतं, हे या आकड्यांतून कळत नाही.