मदत हवी आहे: डायलिसिसच्या चार तासांसाठी पोर्टेबल डीव्हीडी प्लेयर घ्यावा का?

सायली_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी एक वस्तू घ्यायची की नाही, यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालू आहे आणि निर्णय काही होत नाहीये. म्हणून इथे विचारते.

बाबा ७३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. गेल्या दिवाळीपासून त्यांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. सेंटर तळघरात असल्यामुळे मोबाइलला रेंज नाही. भिंतीवर टीव्ही आहे, पण लांब कोपऱ्यात आणि आवाज बंद. छतावर किती चौकोन आहेत ते पाठ झालंय, असं बाबा एकदा जेवताना सहज बोलून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबांचा जीव नाटकात. तरुणपणी गावातल्या हौशी मंडळात ते प्रॉम्प्टर होते. नंतर नाटकांच्या व्हीसीडी निघायला लागल्या तेव्हा पगार झाला की एक तरी घरी यायचीच. चेन लावायच्या अल्बममध्ये मिळून १४० च्या आसपास डिस्क आहेत. बऱ्याचशा व्हीसीडी, थोडी कीर्तनं, वीसेक डीव्हीडी आणि माझ्या लग्नाच्या दोन सीडी. घरातला मोठा प्लेयर बिघडल्यापासून सगळं कपाटात पडून आहे.

मोबाइल देऊन पाहिला. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे, त्यामुळे सुया टोचल्या की तो हात हलवायचा नाही. उरला उजवा. त्याच हाताने मोबाइल धरायचा आणि त्याच हाताने स्क्रीनला बोट लावायचं, हे जमत नाही. बोटं कोरडी पडलीत, स्पर्श कधी लागतो, कधी लागत नाही. चुकून कुठे तरी बोट लागलं की नाटक गायब. मग परत मिळवून द्यायला सिस्टरना हाक मारणं त्यांना अवघड वाटतं. तिसऱ्या दिवशी मोबाइल त्यांनी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

म्हणून उघडझाप होणारे, स्क्रीन आणि बटणं असलेले पोर्टेबल प्लेयर पाहतेय. ऑनलाइन साडेपाच ते नऊ हजारांपर्यंत दिसतात. कंपन्यांची नावं कधी ऐकलेली नाहीत. या काळात असं यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं भावाचं म्हणणं. कोणी वापरलंय का? जुन्या व्हीसीडी चालतात का? बॅटरी खरंच चार तास टिकते का?

निशिगंध७

सायलीताई, स्पष्ट सांगते, राग मानू नका. टॅबलेट घ्या. थोडे जास्त पैसे घालून दहा इंची मिळेल, आणि बंद पडला तर दुरुस्तीला कुठेही देता येईल. बाबांच्या नाटकांपैकी काही तरी ऑनलाइन असतीलच, घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची सोय असते, ती लावली की एकाच ॲपच्या बाहेर जाता येत नाही. आईसाठी मी हेच केलं.

डोंबिवली_फास्ट_लोकल

मी खिशातल्या व्हिडिओ प्लेयरचा पूर्ण काळ जगलेला माणूस आहे. २००५ च्या ऑक्टोबरात व्हिडिओवाला आयपॉड आला. त्याची स्क्रीन अडीच इंचाची. पुढच्या वर्षी मावसभावाने तो अमेरिकेतून आणून दिला. डोंबिवली ते सीएसटी उभ्याने त्यावर सिनेमे पाहिलेत. त्यानंतर बाजारात एमपी४ प्लेयर म्हणून चिनी डब्या आल्या, त्यांना प्रत्येक फाइल त्यांच्या सॉफ्टवेअरमधून बदलून द्यावी लागायची. ती सगळी जात आता मोबाइलने खाल्ली, ॲपलने २०२२ मध्ये आयपॉड टचसुद्धा बंद केला. त्यामुळे त्या प्रकारातलं काही, नवं असो की जुनं, अजिबात घेऊ नका. डिस्कवाल्या प्लेयरची गोष्ट मात्र वेगळी. बाबांचा संग्रहच डिस्कवर आहे.

सायली_कृष्णाकाठ

निशिगंध, राग कसला, भावानेही हेच सुचवलंय. पण दोन अडचणी आहेत. ॲपमध्ये उतरवलेलं त्याच ॲपमध्ये राहतं, आणि बाबांना हवी असलेली बरीच नाटकं तिथे नाहीत. दुसरं म्हणजे स्क्रीन पिन केली तरी बोटाचा प्रश्न राहतोच. त्यांना मध्येच थांबवायला आवडतं. एखादं वाक्य नटाने गाळलं तर ते थांबवतात, मूळ वाक्य स्वतः पुटपुटतात आणि मग पुढे नेतात. प्रॉम्प्टरची सवय. त्यासाठी अंगठ्याखाली न बघता सापडेल असं बटण हवं.

सोल्डर_आणि_गन

ताई, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ माझं दुरुस्तीचं काम चालतं, २६ वर्षं झाली. डीव्हीडी प्लेयर हजारोंनी उघडलेत. सविस्तर लिहितो.

पहिलं, स्क्रीन. मोठी घ्यायच्या मोहात पडू नका. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. सात ते नऊ इंचांत ते नीट दिसतं, चौदा इंचावर ताणलं की नटांचे चेहरे मेणासारखे होतात. खोक्यावर १०८०पी लिहिलेलं असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. डीव्हीडीसुद्धा ७२० बाय ५७६ च्या पुढे जात नाही.

दुसरं, लेन्स. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल, ६५० चा. कारखान्यात छापलेली व्हीसीडी लाल लेसरनेही वाचता येते. पण संगणकावर बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर लाल प्रकाश नीट परतवत नाही, तिला ७८० चाच लागतो. तुमच्या लग्नाच्या सीडी स्टुडिओवाल्याने बर्न केलेल्या असणार. तेव्हा दुकानात जाताना तीन डिस्क बरोबर न्या: सर्वांत जास्त ओरखडे पडलेली व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि लग्नाची सीडी. तिन्ही समोर लावून बघा, प्रत्येकीचा शेवटचा भाग पळवून बघा. लेन्स कमजोर असेल तर डिस्क बाहेरच्या कडेला अडकते.

तिसरं, बॅटरी. डिस्क फिरवत अडीच-तीन तास, त्याहून जास्त धरू नका. पेन ड्राइव्हवर लावलं तर मोटर फिरत नाही, मग थोडा वेळ वाढतो. साधी पॉवर बँक ५ व्होल्टची, आणि या प्लेयरना बहुतेक ९ किंवा १२ लागतात. दुसऱ्या यंत्राचा ॲडॅप्टर पिन बसली म्हणून लावू नका. व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) दोन्ही जुळायला हवी. जुना वापरलेला प्लेयर तर घेऊच नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेली लिथियमची बॅटरी फुगते, आणि तुम्ही ती वस्तू रुग्णाच्या शेजारी ठेवणार आहात.

शुभ्र_कोट

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, दिवसाला तीन शिफ्ट बघते. आमच्याकडे दोन पेशंट असा प्लेयर आणतात. माझ्या अनुभवातलं सांगते.

आधी सेंटरच्या इनचार्जना विचारा. मशीन ज्या बोर्डवर आहे त्यात दुसरी पिन घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वेगळा सॉकेट दाखवतील. वायर फिस्टुलाच्या हाताच्या बाजूने अजिबात नको, रक्ताच्या नळ्या तिथूनच जातात. प्लेयर पोटावर किंवा मांडीवर ठेवू नका. मध्येच बीपी पडलं तर आम्हाला खुर्ची पटकन आडवी करावी लागते, वस्तू खाली जाते. जेवणाचं चाकांचं टेबल उजवीकडून घ्यायचं, त्यावर रबराची जाळी अंथरायची.

डिस्क बदलायचं काम बाबांवर ठेवू नका. झाकण दाबून उघडायचं, डिस्क मधल्या खुंटीवरून उचलायची, एका हाताने हे होत नाही. एक पेशंट दातात डिस्क धरताना मी पाहिलेत. एक व्हीसीडी तासा-सव्वा तासात संपते, म्हणजे एका नाटकाला दोन-तीन डिस्क. बदलायला आम्ही दर वेळी मोकळे असूच असं नाही.

सायली_कृष्णाकाठ

दातात डिस्क धरण्याचं वाचून पोटात कालवलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग डिस्कचा उपयोगच नाही का?

सोल्डर_आणि_गन

शुभ्र_कोट यांनी लाखमोलाचं सांगितलं. उपाय आहे ताई. यूएसबीचं तोंड असलेलाच प्लेयर घ्या आणि व्हीसीडी पेन ड्राइव्हवर उतरवा. संगणकात डिस्क घातली की एमपीईजीएव्ही (MPEGAV) नावाचा फोल्डर दिसतो, त्यातली डॅट फाइल कॉपी करायची आणि शेवटचं डॅट काढून एमपीजी करायचं. बहुतेक प्लेयर ती तशीच वाचतात. तासाला साधारण ६०० एमबी धरा. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये पन्नासेक तास बसतात. त्याहून मोठा घेऊ नका, हे स्वस्त प्लेयर फॅट३२ (FAT32) ही फॉरमॅटची जुनी पद्धत तेवढीच ओळखतात, मोठे ड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात. फाइलची नावं रोमन अक्षरांत द्या, पुढे 01, 02 असे आकडे तेही इंग्रजी, देवनागरीचे चौकोन दिसतात.

एक त्रास होईल. ओरखडा असलेली व्हीसीडी प्लेयरवर नुसती अडखळून पुढे जाते, संगणकावर मात्र कॉपी तिथेच थांबते. व्हीसीडीत चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून चूक दुरुस्त करायची माहिती कमी ठेवलेली असते, त्यामुळे संगणक हट्टाला पेटतो. डिस्क मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी सरळ पुसा, गोल फिरवून नाही. तरी नाही झाली तर ती डिस्क घरी पाहायला ठेवा.

ओवी_दळण

हे उतरवायचं काम बाबांबरोबर बसून करा. माझ्या सासऱ्यांच्या कॅसेट मी एकटीने उतरवल्या आणि नंतर कळलं, कुठल्या डब्यात कोणाचं गाणं होतं ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

सायली_कृष्णाकाठ

बारा दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. घेतला!

साताऱ्याच्या एका दुकानात शेवटचे दोन पीस होते. नऊ इंची, फिरणारी स्क्रीन, यूएसबी आहे, ६,८०० रुपये. तिन्ही डिस्क घेऊन गेले होते. पहिल्या पीसवर व्हीसीडी शेवटी अडकली, अगदी सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्यावर व्हीसीडी आणि डीव्हीडी नीट चालल्या, लग्नाची सीडी मात्र नाहीच. तरी घेतला. बॅटरी घरी मोजली, पेन ड्राइव्हवर तीन तास दहा मिनिटं. शेवटच्या तासाला सॉकेट आहे, इनचार्जनी उजवीकडचा दिला.

ओवी, तुमचं ऐकलं. रविवारी बाबा शेजारी बसले. डिस्क पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, जुन्या धोतराचा तुकडा काढला. प्रत्येक डिस्कवर बोट ठेवून प्रयोग कुठे पाहिला, कोण नट बदलला होता, सगळं सांगत होते. ५४ डिस्क झाल्या, नऊ अडकल्या. तीन पेन ड्राइव्हना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय: लाल म्हणजे नाटक, पिवळा कीर्तन, हिरवा सिनेमा.

गुरुवारी मी काचेबाहेर उभी होते. अंगठा थांबवायच्या बटणावर, आणि ओठ हलत होते.

आता एक प्रश्न राहिला. बाबांना एक कान मोकळा हवा, मशीनचा अलार्म आणि सिस्टरांची हाक ऐकू यायला. हेडफोनचं एकच बोंडूक कानात घातलं तर काही नाटकांत एका बाजूला उभ्या असलेल्या नटाचा आवाज अगदी बारीक येतो. काय करावं?

सोल्डर_आणि_गन

रिमोटवर ऑडिओ किंवा एल/आर लिहिलेलं बटण असेल. ते दाबत राहिलं की डावा, उजवा, स्टिरिओ असं बदलतं, काहींत मोनोही असतं, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र. मोनो आला तर काम झालं. नाही आला तर बाजारात स्टिरिओचं मोनो करणारी ३.५ मिलिमीटरची छोटी पिन मिळते. घेताना आत रेझिस्टर आहेत ना, एवढं विचारा, नुसत्या दोन तारा एकत्र जोडलेली घेऊ नका. नाही मिळाली तर मला निरोप टाका, मी करून पाठवतो. आणि त्या अडकलेल्या नऊ डिस्क टाकून देऊ नका, लग्नाच्या सीडीही. पुण्याला येणं झालं तर घेऊन या, माझ्याकडे संगणकाला लावायचा एक जुना सीडी रायटर आहे, तो हट्टी डिस्क बऱ्याचदा वाचतो.

सायली_कृष्णाकाठ

मोनो आहे! तिसऱ्यांदा दाबल्यावर आला. पुढच्या महिन्यात नेफ्रॉलॉजिस्टकडे पुण्याला यायचंय, तेव्हा डिस्क घेऊन येते. बाबाही येतील बरोबर.