६० शॉटचा सराव आणि आपली दमट हवा

ताई, लेकीला एअर रायफलचे ४० शॉटच मारायला लावतात असं तुम्ही लिहिलंत, म्हणून राहवलं नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत २०१८ पासून महिलांनाही पुरुषांइतकेच ६० शॉट आहेत, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर वेळ ७५ मिनिटं. शेवटच्या २० शॉटना कंबर आणि मान बोलायला लागते, ती सवय आत्तापासूनच हवी. तिच्या वयोगटाचं परिपत्रक मात्र नीट वाचून घ्या. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) उलट झालं, १२० चे ६० शॉट आले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला त्यातच ५९० गुण करून फायनल गाठली आणि कांस्य आणलं.

दुसरं, आपल्या रत्नागिरीच्या हवेचं. मागच्या पावसाळ्यात छर्‍यांचा डबा उघडला तर शिश्यावर पांढरी भुकटी! तसले छर्रे वापरू नका. डबा घट्ट बंद ठेवा, आत सिलिकाची पुडी टाका. नेमबाजीचं जॅकेट घामासकट बॅगेत कोंबू नका, सावलीत वाळवा. बुरशी धरली की कातडं गेलंच. आणि रायफल घरी आल्याबरोबर पुसायची, कितीही दमलात तरी.