सोयाबीनवर दरवर्षी हरभराच: मर का वाढत जाते?

प्रश्न (लातूर जिल्हा)
आमच्या मध्यम काळ्या रानात गेली 7 वर्षे खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा, एवढीच दोन पिके आहेत. सुरुवातीला एकरी 8 क्विंटल हरभरा सहज होत असे. गेल्या हंगामात 5 क्विंटलही भरला नाही. पेरणीनंतर महिन्याभरात झाडे जागोजागी माना टाकतात आणि दरवर्षी तेच पट्टे अधिक रुंद झालेले दिसतात. खतात कसर केलेली नाही. दोन पिके आलटूनपालटून घेतो म्हणजे फेरपालट होतेच, अशी माझी समजूत होती. ती कोठे चुकते?

उत्तर (परभणी)
हरभऱ्याची मर आणणारी फ्युजॅरियम बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत 6 वर्षांपर्यंत तग धरते, त्यामुळे मधल्या चार महिन्यांच्या सोयाबीनने तिचे काहीच बिघडत नाही, आणि प्रत्येक रब्बीत मेलेल्या झाडांच्या मुळांवाटे तिची भर मात्र पडत राहते. त्याशिवाय मानकूज आणणारी स्क्लेरोशियम ही बुरशी दोन्ही पिकांवर जगते. तिच्या दृष्टीने तुमच्या रानात 7 वर्षे एकच पीक आहे.

औषधाचा विचार करण्यापूर्वी झाड मुळासकट उपटून धुवा आणि खोड उभे चिरा. बाहेरून कूज नाही, पण आत तपकिरी-काळी रेघ आहे, तर ती मर. जमिनीलगत पांढरे तंतू आणि मोहरीसारखे दाणे (बुरशीच्याच गाठी) दिसले, तर मानकूज. सोटमूळ कोरडे, ठिसूळ होऊन उपटताना तुटत असेल, तर कोरडी मूळकूज समजावी.

उत्तर (सोलापूर)
त्या पट्ट्यांत निदान तीन-चार वर्षे हरभरा घेऊ नये आणि रब्बी ज्वारी पेरावी, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र कोरड्या मूळकुजीचीच बुरशी ओल तुटलेल्या ज्वारीवर खडखड्या हा खोडकुजीचा रोग आणते. तुमच्याकडे तो प्रकार निघाला तर फुलोऱ्यानंतर ओल टिकवण्याची सोय असेल तरच ज्वारीकडे वळा. उरलेल्या रानात विजय, दिग्विजय यांसारखे मर प्रतिकारक वाण घ्यावेत आणि बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) चोळावा. प्रतिकारक वाणही मानकुजीपुढे टिकत नाही, हे विसरू नका.

उत्तर (पुणे)
तेच पीक सतत घेतले की काही वर्षांनी रोग आपोआप ओसरतो, असे कोणी सांगेल. गव्हाच्या ‘टेक-ऑल’ या मूळरोगात ते खरे आहे: सुरुवातीची काही वर्षे तो जोर धरतो आणि मग मुळांभोवती वाढलेले स्यूडोमोनास जिवाणू त्या बुरशीला दाबतात. हरभऱ्याच्या मरीबाबत मात्र त्या भरवशावर थांबू नये.

प्रश्नकर्ता
काल तीन ठिकाणची झाडे चिरून पाहिली. वरच्या दोन पट्ट्यांत खोडाच्या आत काळी रेघ सरळ शेंड्याकडे गेलेली आहे. ओढ्याकडच्या सखल तुकड्यात मात्र न कुजलेल्या सोयाबीनच्या काडाखाली पांढरे तंतू आणि तपकिरी दाणे आढळले. वरच्या पट्ट्यांत यंदा ज्वारी पेरतो. सखल भागातील काड वेचून बाहेर काढणार आहे. तेथे पाणी साचते, म्हणून आधी चर खोदावा लागेल. त्या तुकड्यात गहू चालेल का?

उत्तर (परभणी)
चालेल. खोल नांगरट मात्र उन्हाळ्यात करा, म्हणजे ते दाणे खाली गाडले जातील, आणि पुढच्या खरिपात तेथे सोयाबीन टाळा.